गादीवरचा फोन

पर्युषण आणि दशलक्षण पर्वांची सांगता होते, तपाची पारणी आटोपतात, परस्परांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून झालेले असते. आणि महिनाही लोटत नाही तोच बाजारात निराळ्याच पर्वाची चाहूल लागते. नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावर आणि प्रधान पार्कातल्या मोबाइलच्या दुकानांवर नव्या स्मार्टफोनचे फलक चढतात. 'जुना द्या, नवा न्या', 'बिनव्याजी हप्ते', 'फक्त दसऱ्यापर्यंत' अशा हाका सुरू होतात. २०२५ साली त्यात आणखी एका समजुतीची भर पडली. घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले, तेव्हा मोबाइलही स्वस्त झाले असे अनेकांनी गृहीत धरले. वस्तुस्थिती तशी नाही. मोठे दूरचित्रवाणी संच आणि वातानुकूलन यंत्रे २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आली. मोबाइलवरील कर १ एप्रिल २०२० रोजी १२ वरून १८ टक्के झाला होता, तो तसाच आहे. मोबाइलवर जी सवलत दिसते ती विक्रेत्याची आहे, सरकारची नव्हे.

अशा दिवसांत बहुतेक घरांत एकच प्रश्न निघतो : आहे तो फोन चालू द्यावा, की नवा घ्यावा? उत्तर सहसा दोन प्रकारे दिले जाते. तरुण म्हणतात, तंत्रज्ञान पुढे गेले आहे. वडीलधारे म्हणतात, चालते आहे तोवर चालवा. दोन्ही उत्तरांत अर्धे सत्य आहे, आणि दोन्हींत एक महत्त्वाचा प्रश्न सुटून जातो. तो समजण्यासाठी भांडी बाजारातल्या एका पेढीचे उदाहरण पाहू.

तीन पिढ्यांची तांब्या-पितळेची पेढी. घरात दादाजी, त्यांचे चिरंजीव, सूनबाई आणि महाविद्यालयात शिकणारा नातू. गादीवर पंचवीस वर्षांपासून मुनीमजी. विषय काढला तो नातवाने. त्याचा फोन दोन वर्षांचा होता. त्याला साठ हजारांचा नवा हवा होता. त्याने मुद्देही व्यवस्थित मांडले. पेढीच्या भांड्यांची छायाचित्रे तोच काढून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकांना पाठवीत असे. कॅमेरा चांगला तर माल उठून दिसेल. जुन्या फोनचे बारा हजार येत होते, उरलेले बिनव्याजी हप्त्यांनी फेडता येणार होते. शिवाय बिल पेढीच्या नावे घेतले तर कराची वजावटही मिळेल, असे त्याने ऐकले होते.

दादाजींनी नकार दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "बेटा, आहे त्या फोनने कोणते काम अडते?"

नातू क्षणभर थांबला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "दादाजी, अडत नाही. पण नवा जास्त चांगला आहे."

"मग आधी घरात कोणाचे अडते ते पाहू. सगळ्यांचे फोन आणा, मुनीमजींचाही."

सतरंजीवर चार फोन मांडले गेले. दादाजींचा पाच वर्षांचा, कोपऱ्यात काच तडकलेला. प्रवचने ऐकणे आणि नातेवाइकांशी बोलणे एवढेच त्याचे काम. चिरंजीवांचा तीन वर्षांचा, दुपारी चार वाजताच बॅटरी मान टाकणारा. नातवाचा दोन वर्षांचा, ठणठणीत. चौथा गादीवरचा. तो सहा वर्षांपूर्वी सूनबाईंसाठी घेतलेला. त्यांना नवा आला तेव्हा हा गादीवर गेला. पेढीच्या चालू खात्याचे बँकेचे अ‍ॅप, यूपीआयने जमा होणाऱ्या पैशांचे संदेश, जीएसटीच्या संकेतस्थळाचे आणि ई-वे बिलाचे ओटीपी, सारे याच फोनवर येत असे.

नातवाने सेटिंगमध्ये जाऊन चारही फोनची 'सुरक्षा अपडेट'ची तारीख पाहिली. तीन फोनवर अलीकडचे महिने होते. गादीवरच्या फोनवर २०२२ साल होते.

मुनीमजी संकोचून म्हणाले, "शेठजी, बँकेचे अ‍ॅप दोन महिन्यांपासून नवीन घ्या म्हणते आहे. नवीन घ्यायला गेलो तर ते या फोनवर बसत नाही. म्हणून जुनेच ठेवले आहे."

"मग बोलला का नाहीत, मुनीमजी?"

"नवा फोन मागायचा म्हणजे... बरे दिसले नाही."

प्रश्नाचे मर्म या एका वाक्यात आहे. आपल्या घरांत नवा फोन मुलाकडे येतो, मुलाचा जुना वडिलांकडे, वडिलांचा आजोबांकडे आणि सर्वांत शेवटी गादीवर जातो. वस्तू वाया जाऊ नये ही त्यामागची भावना चांगली आहे. परंतु परिणाम असा होतो की ज्याच्या हातात सर्वांत कमी जोखीम, त्याच्याकडे सर्वांत नवा फोन; आणि ज्या फोनवर पेढीचा पैसा फिरतो, तो घरातला सर्वांत जुना. मागणारा मागतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष जाते. ज्याला खरी गरज असते तो बहुधा बोलत नाही.

फोन 'जुना होतो' म्हणजे नेमके काय होते, हे भांडी बाजारात समजावणे सोपे आहे. भांडे जुने होण्याचेही दोन प्रकार असतात. पातेल्याला पोचा येतो, कड झिजते. ते ठोकून, सांधून पुन्हा वापरता येते. कल्हई उडणे ही निराळी गोष्ट. कल्हई उडालेले पितळी पातेले दिसायला धड असते, पाणीही गळत नाही. पण त्यात आंबट शिजवले की अन्न कळकते आणि खाणाऱ्याला बाधते.

बॅटरी उतरणे हा पहिला प्रकार. लिथियम-आयन बॅटरी ही झिजणारीच वस्तू आहे. साधारण पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते, असे गणित अ‍ॅपलने आपल्या जुन्या फोनांसाठी अनेक वर्षे सांगितले. २०२३ च्या आयफोन १५ पासून ते हजार वेळांवर नेले. बॅटरी थकली की फोन लवकर बंद पडतो, कधी मंदही होतो, आणि वापरणाऱ्याला वाटते की फोनच संपला. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केले की बॅटरी थकलेल्या काही फोनांचा वेग, ते अचानक बंद पडू नयेत म्हणून, कमी केला जात होता. त्यावर ओरड झाल्यानंतर कंपनीने २०१८ साली बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. पुढे २ जानेवारी २०१९ च्या पत्रात टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना विक्री घटल्याची जी कारणे सांगितली, त्यांत स्वस्त झालेली बॅटरी-बदलणी हेही एक होते. फोन पूर्वीसारखा चालू लागल्यावर कित्येकांना नवा घेण्याचे कारणच उरले नाही, असा याचा अर्थ.

सुरक्षा अपडेट बंद होणे हा दुसरा प्रकार, म्हणजे कल्हई उडणे. फोनच्या प्रणालीत नवनवीन छिद्रे सापडत असतात. अँड्रॉइडसाठी गूगल २०१५ पासून दर महिन्याला त्यांची दुरुस्ती प्रसिद्ध करते आणि कंपन्या ती आपापल्या फोनांवर पाठवितात. पण ठरावीक वर्षांपर्यंतच. ती मुदत संपली की छिद्रे तशीच राहतात. फोन चालतो, बोलता येते, छायाचित्रे निघतात. पैशाचे व्यवहार मात्र त्यात 'शिजवू' नयेत. घरच्या घरी ही कल्हई लावता येत नाही; तो फोन दुसऱ्या कामाला लावणे हाच उपाय.

येथे व्यापाऱ्याला सहज पटेल अशी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. स्वस्त फोनांना बहुधा याहून कमी वर्षे मिळतात. ही वर्षे ग्राहकाने फोन घेतल्याच्या दिवसापासून मोजली जात नाहीत. तो नमुना बाजारात आला तेव्हापासून मोजली जातात. सणाच्या सवलतीत दोन वर्षांपूर्वीचा नमुना स्वस्त मिळत असेल, तर त्याचे दोन वर्षांचे आयुष्य आधीच सरलेले असते. पुड्यावरची मुदत पाहिल्याशिवाय किराणा न उचलणारा माणूस फोन घेताना ही मुदत विचारत नाही, हे आश्चर्यच म्हणावे.

या तारखेला पैशाच्या दृष्टीने किती महत्त्व आहे? खात्यातून अनधिकृत रक्कम गेली तर ग्राहकाची जबाबदारी किती, हे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवून दिले. दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून यंत्रणेत अन्यत्र असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर भार नाही. चार ते सात दिवसांत कळविले तर मर्यादित भार. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या चालू खात्यांना ही मर्यादा १०,००० रुपये, मोठ्या चालू खात्यांना २५,००० रुपये. मात्र नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाले असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान ग्राहकाचे. म्हणून गादीवरच्या फोनमध्ये बँकेचे संदेश वेळेवर दिसणे, अ‍ॅप अद्ययावत असणे आणि शंका येताच बँकेला व १९३० या क्रमांकावर कळविणे, हे तिन्ही आवश्यक आहे. सर्वांत नवा फोनही ओटीपी सांगून टाकणाऱ्याला किंवा अनोळखी संदेशातून आलेले अ‍ॅप बसवून घेणाऱ्याला वाचवू शकत नाही, हेही तितकेच खरे.

आता नातवाच्या मुद्द्यांचा हिशेब. चिरंजीवांनी तो कागदावर मांडला.

पहिला मुद्दा बिनव्याजी हप्त्यांचा. शून्य टक्के व्याज अशी वस्तू नसते, या अर्थाचे खडे बोल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावले होते. आजच्या योजनांत व्याज असतेच. विक्रेता तेवढी रक्कम किमतीतून कमी करतो, म्हणून ते दिसत नाही. साठ हजारांचे पाच-पाच हजारांचे बारा हप्ते घेतले आणि बँकेचा दर १६ टक्के धरला, तर मुद्दल सुमारे ५५,१०८ आणि व्याज सुमारे ४,८९२ रुपये होते. या व्याजावर १८ टक्के जीएसटी ग्राहकाला द्यावा लागतो, म्हणजे ८८१ रुपये. प्रक्रिया शुल्क वेगळे. शिवाय रोखीने घेणाऱ्याला विक्रेता ती ४,८९२ रुपयांची सूट देईल का, हे कोणी विचारीतच नाही. विचारावे.

दुसरा मुद्दा मोडीचा. जुनी भांडी घेऊन ग्राहक आला की दुकानदार आधी मोड तोलतो, घट वजा करतो, दर सांगतो. नव्या भांड्याची किंमत वेगळी मांडतो. फोनच्या अदलाबदलीत हे दोन आकडे मुद्दाम एकत्र केलेले असतात. ते वेगळे करून घ्यावेत : जुना न देता नव्याची किंमत किती, आणि जुना नुसता विकला तर किती? कर या बाबतीत स्पष्ट आहे. केंद्रीय जीएसटी नियमावलीच्या नियम २७ मध्ये उदाहरणच फोनचे दिले आहे : जुना फोन घेऊन नवा २०,००० रुपयांना दिला आणि अदलाबदल न करता त्याची किंमत २४,००० असेल, तर बाजारमूल्य २४,०००. कर त्यावरच. पेढीच्या नावावरचा जुना फोन विकला तर तीही पेढीची विक्रीच ठरते. तिची नोंद कशी करावी हे सनदी लेखापालांना विचारून घ्यावे.

तिसरा मुद्दा कराच्या वजावटीचा. साठ हजारांत ५०,८४७ रुपये मूल्य आणि ९,१५३ रुपये जीएसटी असतो. फोन खरोखर पेढीच्या कामाचा असेल, बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक असेल, आणि त्या कराच्या रकमेवर घसारा घेतला नसेल, तर ९,१५३ रुपयांचे क्रेडिट मिळते. उरलेल्या रकमेवर आयकरात घसारा १५ टक्के. मोबाइल हा संगणक नव्हे, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने दिलेला आहे, त्यामुळे संगणकाचा अधिक दर मागता येत नाही. त्यातही वस्तू वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्मा. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर, ऐन दिवाळीत घेतलेल्या फोनवर यंदा ७.५ टक्केच. ५०,८४७ वर हा घसारा ३,८१४ रुपये. ३० टक्के दराने वाचणारा आयकर सुमारे १,१४४ रुपये. एवढ्यासाठी घाईने पन्नास हजार खर्च करण्यात शहाणपण नाही. आणि वैयक्तिक वापराच्या वस्तूचे क्रेडिट घेताच येत नाही, हे कायदाच सांगतो. नातवाचा फोन पेढीच्या नावे दाखविणे हे अचौर्य व्रताला न शोभणारे, हे दादाजींनी शांतपणे, पण निक्षून सांगितले.

नातू हुशार होता. त्याने अखेरचा डाव टाकला : "मग माझा फोन गादीवर द्या. तो दोनच वर्षांचा आहे. मला नवा घ्या, म्हणजे दोघांचेही काम होईल." सूचना अगदीच चुकीची नव्हती. पण चिरंजीवांनी दाखवून दिले की असे केल्यास अठरा हजारांत सुटणाऱ्या अडचणीवर साठ हजार खर्च होतात.

शेवटी असे ठरले. गादीसाठी अठरा हजारांचा, अलीकडेच बाजारात आलेला, अपडेटची मुदत विचारून घेतलेला फोन पेढीच्या नावे घ्यावा. त्यातले २,७४६ रुपये कराचे. ते वजा जाता खर्च १५,२५४. चिरंजीवांच्या फोनची बॅटरी अधिकृत सेवा केंद्रातून बदलून घ्यावी. दर ३,००० रुपये निघाला. दादाजींच्या फोनवरून बँकेचे अ‍ॅप काढावे. प्रवचनाला तो उत्तम आहे. नातवाचा फोन आणखी दोन वर्षे चालवावा, आणि तोवर त्याने दरमहा काही रक्कम बाजूला टाकावी. नवा त्याच्या बचतीतून यावा.

नातू दोन दिवस रुसला, हे सांगितले पाहिजे. तिसऱ्या दिवशी त्याने पितळी घागरींची छायाचित्रे दुकानाच्या आतल्या ट्यूबलाइटखाली न काढता सकाळी दारातल्या उजेडात, मागे पांढरे कापड लावून काढली. चकाकी कमी झाली आणि घडणीची नक्षी स्पष्ट उमटली. ग्राहकांनी विचारले, नवा कॅमेरा घेतला का?

याचा अर्थ नवा फोन कधीच घेऊ नये असा नाही. अपडेट थांबले आणि फोनवर पैशाचे व्यवहार आहेत. कामाचे अ‍ॅप त्यावर चालेनासे झाले. दुरुस्तीचा खर्च फोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होऊ लागला. किंवा दृष्टी मंदावलेल्या आजींना मोठ्या पडद्याची गरज भासली, तर नवा घेणे हा उधळेपणा नव्हे. तेथे टाळाटाळ करणे हीच चूक. दुरुस्तीची माहिती मिळण्यासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळ सुरू केले आहे. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून नियमच केला : नव्या फोनची बॅटरी ८०० वेळा भरल्यानंतरही ८० टक्के क्षमतेची राहिली पाहिजे आणि महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे मिळाले पाहिजेत. वस्तू टिकावी, ही अपेक्षा आता जगभर कायद्यात येत आहे.

आपल्या परंपरेत ती व्रतातच आहे. पाचवे अणुव्रत परिग्रह परिमाणाचे. क्षेत्र-वास्तू, हिरण्य-सुवर्ण, धन-धान्य यांच्याबरोबर कुप्य, म्हणजे घरातली भांडीकुंडी व इतर सामान, यांचीही मर्यादा श्रावकाने बांधायची असते. उमास्वातींनी परिग्रहाची ओळख वस्तूवरून न करता तिच्यावरील आसक्तीवरून करून दिली. भोगोपभोग परिमाण व्रत एकदाच वापरून संपणारी वस्तू आणि पुनःपुन्हा वापरता येणारी वस्तू यांत भेद करते. फोन दुसऱ्या प्रकारचा. आपण मात्र तो पहिल्या प्रकारासारखा, ताटातल्या अन्नासारखा, संपवू लागलो आहोत. या व्रतांतली व्यवहाराची खूण अशी की मर्यादा आधी ठरवायची असते. फलक पाहून झाल्यावर ठरविलेली मर्यादा फलकाच्या सोयीने ठरते.

जुन्या फोनचा निरोपही विवेकाने व्हावा. त्यातली माहिती नव्या फोनवर घ्यावी, बँकेच्या व यूपीआयच्या अ‍ॅपमधून बाहेर पडावे, सिम काढावे आणि फोन पूर्ण कोरा करावा. मगच तो कोणाला द्यावा. निकामी फोन किंवा फुगलेली बॅटरी घंटागाडीतल्या कचऱ्यात टाकू नये. ती दाबली गेल्यास पेट घेते आणि कचरा वेचणाऱ्याच्या जिवावर बेतते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार असे निकामी फोन नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच गेले पाहिजेत. बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून अधिक काँगोच्या खाणींतून येते. तेथील कष्ट आणि हिंसा यांचा काही अंश आपल्या खिशात असतो. मोडीची किंमत जाणणाऱ्या समाजाला हे निराळे सांगायला नको.

त्या पेढीवर यंदा वहीपूजनाला एक नवी प्रथा सुरू होणार आहे. नव्या वहीच्या शेवटच्या पानावर घरातल्या व गादीवरच्या प्रत्येक फोनची नोंद राहील : कधी घेतला, बिल कोणाच्या नावे, अपडेट कोणत्या वर्षापर्यंत, बॅटरी कधी बदलली, त्यावर बँकेचे कोणते अ‍ॅप आहे. दर सहा महिन्यांनी ती तपासण्याचे काम नातवाकडे आहे. पहिली ओळ गादीवरच्या फोनची असावी, असे त्यानेच सुचविले. आणि ती लिहिताना मुनीमजींना शेजारी बसवून घ्यावे, असे दादाजींनी.